पत्रिकेत तूळ, ॲपवर स्कॉर्पिओ: मग माझी खरी रास कोणती?

प्रश्न असा आलाय. ताई मूळच्या सोलापूरच्या, नोकरीला पुण्यात. ऑफिसातल्या मैत्रिणींच्या नादानं मोबाईलवर एक ॲप घेतलं, जन्मतारीख भरली तर "सन स्कॉर्पिओ, मून स्कॉर्पिओ, रायझिंग लिब्रा" असं आलं, म्हणजे रवी वृश्चिकेत, चंद्र वृश्चिकेत आणि लग्न तूळ. दिवाळीला घरी आल्यावर आईनं करून ठेवलेली पत्रिका काढली तर तिच्यात रास तूळ, लग्न (म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास) कन्या. एकही गोष्ट जुळेना. विचारतायत की यातलं खोटं कोण, आणि आपलं ज्योतिष आणि वेस्टर्न यात फरक काय, मुळापासून सांगा.

ताई, खोटं कुणीच नाही. आभाळ एकच आहे, मोजायला सुरुवात कुठून करायची यावर दोघांचं एकमत नाही. मी तीसेक वर्षं सोलापुरात पत्रिका बघतोय, आधी हातानं गणित करून आणि आता कॉम्प्युटरवर, आणि हल्ली दर आठवड्याला एखादा तरी पोरगा नाहीतर पोरगी मोबाईल पुढं धरून हेच विचारते, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. तुमची तारीख इथं टाकत नाही. उदाहरणाला माझ्या मनानं एक तारीख घेतो, ३१ ऑक्टोबर १९९७, पहाटे ५ वाजून ५ मिनिटं, जन्म सोलापूर. लक्ष्मीपूजनाची रात्र सरताना, अमावास्या चालू. हिचं उत्तर तुमच्यासारखंच येतं, ॲपवर स्कॉर्पिओ-स्कॉर्पिओ-लिब्रा आणि पत्रिकेत रवी तुळेत, चंद्र तुळेत, लग्न कन्या.

आता हे कसं होतं ते बघा, आणि त्यासाठी आपल्या गड्ड्याच्या यात्रेपेक्षा चांगलं उदाहरण नाही. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, संक्रांतीला होम मैदानावर होम होतो, मानाच्या सात काठ्या निघतात, हे सोलापूरच्या लहान पोरालाही माहीत आहे. संक्रांत म्हणजे सूर्य मकरेत जातो तो दिवस, १४ जानेवारी, कधी १५. पण तुमच्या ॲपला विचारा सूर्य कॅप्रिकॉर्नमध्ये कधी जातो, तर ते सांगेल २१ नाहीतर २२ डिसेंबर. मकर म्हणजेच कॅप्रिकॉर्न, मग तीन आठवडे फरक कसा? हा फरक समजला की अर्धं काम झालं.

वेस्टर्नवाले राशीचक्राचा शून्य अंश धरतात वसंत संपाताला, म्हणजे २० - २१ मार्चला दिवस-रात्र सारखी होते तेव्हा सूर्य जिथं असतो तिथं. तिथून तीस-तीस अंशांचे बारा तुकडे. म्हणजे त्यांच्या राशी ऋतूंना बांधलेल्या आहेत, तिकडं मागं कोणते तारे आहेत याच्याशी संबंध नाही. ह्याला आपल्याकडे सायन म्हणतात. आपण शून्य अंश धरतो ताऱ्यांवरून, चित्रा नक्षत्राचा तारा १८० अंशावर ठेवला की त्याच्या बरोबर समोर मेषेचा आरंभ. हे निरयन. आता पृथ्वीचा आस फिरत्या भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळं तो संपात बिंदू ताऱ्यांमधून वर्षाला साधारण ५० विकला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला) मागं सरकतो, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश, आणि अख्खी फेरी पूर्ण व्हायला पंचवीस हजार आठशेच्या आसपास वर्षं. चित्रापक्षाच्या हिशेबानं इ. स. २८५ च्या सुमारास दोन्ही शून्य एकाच जागी होते, तेव्हा जन्मलेल्या माणसाला हा प्रश्नच पडला नसता. आज त्यांच्यात २४ अंशांहून थोडं जास्त अंतर पडलंय, ह्याला अयनांश म्हणतात. एक रास तीस अंशांची, त्यातले चोवीस अंश सरकले म्हणजे पाचातल्या चार जणांची रास बदलणारच. तुमच्या बाबतीत रवी, चंद्र आणि लग्न तिन्ही त्या चार जणांत सापडले, बाकी काही नाही.

आणि हे सरकणं पुस्तकातलं नाही, कॅलेंडरात दिसतं. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आज तीच संक्रांत १४ - १५ ला येते. संक्रांतीपासून दिवस मोठा व्हायला लागतो असं आपण म्हणतो खरं, पण दिवस मोठा व्हायला लागतो २२ डिसेंबरपासूनच, म्हणजे त्या एका बाबतीत सायन पद्धत बरोबर आहे हे आपल्या माणसांनी मोकळ्या मनानं मान्य करावं. ऋतूचा विषय असला तर सायन, ताऱ्यांचा असला तर निरयन, असं मी स्वतःपुरतं धरतो.

आता घरातलंच भांडण पण सांगतो, कारण लोकांना वाटतं आपल्याकडं सगळं एकच आहे. अयनांश नेमके किती यावर आपल्यातच मतभेद आहेत. केंद्र सरकारनं १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, निर्मलचंद्र लाहिरी तिचे सचिव होते, १९५५ ला अहवाल आला आणि २१ मार्च १९५६ रोजी अयनांश २३ अंश १५ कला असं ठरवून टाकलं. तेच लाहिरी किंवा चित्रापक्ष अयनांश, आज बहुतेक पंचांगं, सॉफ्टवेअर त्यावर चालतात. आपल्या सोलापुरातून शंभर वर्षांवर निघणारं दाते पंचांग घराघरात लटकलेलं असतं, तुमच्या आईनं पत्रिका केली असेल ती बहुधा चित्रापक्षावरच असणार. पण टिळक पंचांग मानणारी घरं पण महाराष्ट्रात आहेत, त्यांचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यावरून, अयनांशात चारेक अंशांचा फरक, म्हणून त्यांची संक्रांत १० जानेवारीच्या सुमाराला येते. रामन यांचे अयनांश लाहिरींपेक्षा दीडेक अंश कमी, कृष्णमूर्तींचे काही कलांनी कमी. म्हणून कुणाकडं गेलात तर पहिलं विचारा की अयनांश कोणते घेतलेत. हा प्रश्न विचारला तर कुणाला राग यायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ही मला स्वतःला नीट समजायला काही वर्षं लागली. अयनांश बदलले तरी ग्रहांमधलं अंतर बदलत नाही. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या किती पुढं आहे, दर बारा अंशाला एक तिथी, त्यामुळं अमावास्या लंडनच्या पंचांगात बघा नाहीतर सोलापूरच्या, क्षण तोच. ग्रहण तेच, युती तीच. बदलतं काय, तर ज्या गोष्टी कुंपणावर अवलंबून आहेत त्या: रास कोणती, नक्षत्र कोणतं, ग्रह उच्चीचा (बलवान) की नीचीचा (दुबळा), घराचा मालक कोण. फरक शोधायचा तर इथंच शोधायचा.

आता दुसरा मोठा गोंधळ. तिकडं "तुझी साईन काय" विचारलं की ते सूर्यरास सांगतात, तारीख माहीत असली की झालं. १९३० साली एका ब्रिटिश वर्तमानपत्रात राजकन्या मार्गारेटच्या जन्माच्या निमित्तानं भविष्य छापून आलं आणि तिथून हे सूर्यराशीचं सदर जोरात चाललं, त्याआधी तिकडचे जाणकार पण पूर्ण कुंडली मांडूनच बघायचे आणि आजही चांगला अभ्यासक तेच करतो. आपल्याकडं नुसतं "रास" म्हणलं की ती चंद्ररास. सूर्य एका राशीत महिनाभर असतो, चंद्र सव्वादोन दिवस. म्हणजे चंद्र महिनाभरात अख्खं चक्र फिरून येतो आणि माणसामाणसांत जास्त बारीक फरक करतो. मन, आई, सवय, खाणंपिणं, झोप, हे आपण चंद्रावरून बघतो आणि गोचर, म्हणजे ग्रहांची चालू फिरती, पण चंद्रापासून मोजतो. म्हणून ॲपवर मून स्कॉर्पिओ बघून मराठी पेपरातलं वृश्चिकेचं भविष्य वाचू नका, ते तुमच्यासाठी लिहिलेलंच नाही. शनीचंच बघा की, मार्च २०२५ अखेर तो निरयन मीनेत आला, साडेसाती कुंभ, मीन, मेष या तिघांना. तुळेपासून मीन सहावी, आणि सहावा शनी गोचरात चांगला धरतात. तिकडच्या हिशेबानं मात्र शनी फेब्रुवारी २०२६ पासून एरीजमध्ये आहे. एकाकडून चंद्र घ्यायचा आणि दुसऱ्याकडून शनी, हे म्हणजे एका वजनकाट्यावर माप ठेवायचं आणि दुसऱ्यावर माल, त्यातून काहीच कळणार नाही.

चंद्राच्या आत अजून एक पायरी आहे आणि माझ्या मते आपल्या शास्त्राचा खरा कणा तोच, नक्षत्र. राशीचक्राचे २७ भाग, एकेक १३ अंश २० कलांचा, म्हणजे चंद्र साधारण दिवसाला एक नक्षत्र चालतो. प्रत्येकाचे चार चरण, ३ अंश २० कलांचे, असे एकूण १०८. आपल्या उदाहरणात चंद्र तुळेच्या नवव्या अंशाला, म्हणजे स्वाती नक्षत्र, पहिला चरण, अक्षर "रू". बारशाला गुरुजी जे नावरस नाव काढतात ते इथून येतं, स्वातीला रू, रे, रो, ता. लग्न जुळवताना जे ३६ गुण मोजतात तेही चंद्राच्या राशी-नक्षत्रावरूनच, वर्णाचा १ पासून नाडीच्या ८ पर्यंत. वेस्टर्नमध्ये नक्षत्रं नाहीत, तिथं पत्रिका जुळवतात तर दोघांचे सगळे ग्रह एकमेकांवर ठेवून अंशात्मक योग बघतात. गुणमेलन हे झटपट गाळणीसारखं आहे, ३६ पैकी ३० गुण आले म्हणून बाकी पत्रिका न बघता लग्न ठरवू नये, हे मी प्रत्येक आईबापाला सांगतो.

आणि ह्या नक्षत्रातून निघते ती दशा, म्हणजे आयुष्यातला एकेका ग्रहाच्या अंमलाचा काळ, जी तिकडं ह्या रूपात नाहीच. विंशोत्तरी म्हणजे १२० वर्षांचा हिशेब: केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७. जन्मनक्षत्राचा स्वामी ज्याचा, त्याची दशा पहिली, आणि चंद्र त्या नक्षत्रात जितका पुढं गेलेला तितकी दशा वापरून झालेली. स्वातीचा स्वामी राहू. चंद्र ६ अंश ४० कलांपासून चालत ९ अंशाच्या जवळ आलाय म्हणजे अठरापैकी तीनेक वर्षं गेली, जवळपास पंधरा उरली. तर ही मुलगी २०१२ च्या अखेरीपर्यंत राहूत, तिथून २०२८ पर्यंत गुरूत, मग शनीची १९ वर्षं. पत्रिकेत काय आहे हे ग्रह सांगतात, पण "कधी" हे दशा सांगते, आणि लोक माझ्याकडं येतात ते नव्वद टक्के "कधी" विचारायलाच. तिकडं काळ बघायच्या पद्धती नाहीत असं मात्र म्हणू नका, जन्मानंतरचा एक दिवस म्हणजे एक वर्ष असं धरून ते प्रोग्रेशन करतात, चालू ग्रहांचे जन्मस्थ ग्रहांशी अंश जुळवतात, सूर्य वर्षानं जन्माच्या अंशावर परत आला की त्या क्षणाची कुंडली मांडतात. हे शेवटचं तर आपल्या ताजिक वर्षफलासारखंच आहे, आणि ताजिक आपल्याकडं अरबी-फारशी मार्गानं आलं, त्यातला "इत्थशाल" हा शब्दच अरबीवरून आलेला आहे.

आता ग्रह घेऊ, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे कारण हे उदाहरण मला फार आवडतं. त्या ३१ ऑक्टोबरच्या पहाटे गुरू आपल्या हिशेबानं मकरेत, १९ अंशाच्या आसपास. मकर ही गुरूची नीच रास. नवशिका माणूस इथंच घाबरवतो, गुरू नीचीचा, शिक्षण अडणार, संततीला त्रास, शांत करा. पण थांबा, मकरेचा मालक कोण, शनी. शनी कुठं आहे, मीनेत. मीनेचा मालक कोण, गुरू. म्हणजे दोघं एकमेकांच्या घरात राहायला गेलेत, ह्याला अन्योन्य योग किंवा परिवर्तन म्हणतात, दोघांनीही एकमेकांचं घर सांभाळायचं. शिवाय कन्या लग्नापासून मीन सातवी, म्हणजे नीच ग्रहाचा राशीस्वामी केंद्रात (१, ४, ७, १० यातल्या घरात), नीचभंग झाला, नीचपणा रद्द. त्यावर गुरूची नववी दृष्टी लग्नावर, शनीची सातवी दृष्टी लग्नावर. मी असल्या पत्रिकेला सांगेन की उशिरानं पण पक्कं मिळणारं आहे, कष्ट चुकणार नाहीत आणि वाया पण जाणार नाहीत, आणि नीच शब्दाला भिऊन एक रुपया खर्च करू नका.

आता तीच वेळ वेस्टर्न चष्म्यातून. गुरू ॲक्वेरियसमध्ये, म्हणजे कुंभेत, १३ अंशाला, तिथं तो नीच नाही. शनी एरीजमध्ये १५ - १६ अंशाला, आणि एरीज म्हणजे मेष ही त्यांच्याकडंही शनीची नीच रास, म्हणजे आपल्याकडं गुरू नीच, तिकडं शनी नीच! परिवर्तन नाही, नीचभंग नाही. पण गुरू-शनीमधलं अंतर बासष्ट अंशांच्या आसपास, ह्याला ते सेक्स्टाईल म्हणतात, साठ अंशांचा शुभ योग. लग्न त्यांचं लिब्रा १८ अंश, त्याच्याशी गुरूचा १२० अंशांचा ट्राईन आणि शनीचा १८० अंशांचा ऑपोझिशन. म्हणजे आपण ज्याला नववी आणि सातवी दृष्टी म्हणलं तेच त्यांनी अंशांत सांगितलं. कुंपणं वेगळी, त्यामुळं नावं वेगळी, पण ग्रहांचं आपसातलं नातं दोघांनाही दिसलं. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मी दोन्ही कुंडल्या कागदावर शेजारी शेजारी मांडून दोन वाजेपर्यंत बसलो होतो.

दृष्टीतला फरक एवढ्यात सांगता येतो. आपल्याकडं सगळे ग्रह सातव्या घरी बघतात, त्यावर मंगळाला चौथी-आठवी, गुरूला पाचवी-नववी, शनीला तिसरी-दहावी दृष्टी जादा. घरावरून घरावर, आणि ज्याची त्याची वेगळी. तिकडं ६०, ९०, १२०, १८० अंशांचे योग सगळ्या ग्रहांना सारखे आणि दोन्ही बाजूंनी, चारदोन अंशांची सवलत धरून. ग्रहांत आपले नऊ, रवीपासून शनीपर्यंत सात आणि राहू-केतू, जे गोळे नाहीत, चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथं छेदतो ते दोन बिंदू आहेत. वेस्टर्नमध्ये आता युरेनस, नेपच्यून, प्लुटो धरतात. युरेनस सापडला १७८१ ला, नेपच्यून १८४६ ला, प्लुटो १९३० ला, म्हणजे त्यांच्याकडं सुद्धा हे नंतर आलं आणि मग त्यांनी स्कॉर्पिओ प्लुटोला, ॲक्वेरियस युरेनसला देऊन टाकली. मी हर्षल (म्हणजे युरेनस) आणि नेपच्यून मांडतो, पण त्यांच्यावर निर्णय देत नाही. घरं पण वेगळी. आपण बहुतेक वेळा एक रास म्हणजे एक घर धरतो आणि बारकाव्याला चलित (लग्नाच्या अंशावरून मांडलेली घरं) बघतो, तिकडं प्लॅसिडससारख्या पद्धतीनं घरं लहानमोठी होतात.

कुंडलीच्या आकाराचं आता सांगतो, हे खास सोलापूरचं दुखणं आहे. आपल्या मराठी पत्रिकेत चौकोनात तिरक्या रेघा मारून जी कुंडली काढतात, तिच्यात घरांची जागा ठरलेली असते, वरचं मधलं घर कायम लग्नाचं, आणि आत लिहिलेला आकडा हा राशीचा असतो. तेलुगू आणि कन्नड घरांत जी चौकटीची कुंडली असते तिच्यात राशींची जागा ठरलेली, डाव्या वरच्या कोपऱ्यात मीन, तिच्या शेजारी मेष, तिथून घड्याळाच्या दिशेनं पुढं, आणि लग्न ज्या घरात असेल तिथं तिरकी रेघ मारतात. आपल्या गावात तिन्ही भाषांची माणसं एका गल्लीत राहतात, त्यामुळं पत्रिका एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत सारख्या उतरवल्या जातात. काही वर्षांपूर्वी पूर्व भागातलं एक घर आलं, माग होते घरी, टॉवेलचं काम. मुलगी कडक मंगळाची म्हणून दोन स्थळं परत गेली होती. आईनं पिशवीतून आधी मराठी टाईप केलेली पत्रिका काढली, सातव्या घरात मंगळ. मी म्हणलं मूळ कागद आहे का. तर आजोबांच्या हातची वही निघाली, पिवळी पडलेली, चौकटीची कुंडली, तेलुगूत. मंगळ तुळेच्या चौकटीत होता. उतरवणाऱ्यानं मेषेपासून मोजून सातवं घर म्हणून मराठी कुंडलीत सातव्यात नेऊन बसवला. तिरकी रेघ मात्र मिथुनेत होती. मिथुनेपासून तूळ पाचवी. मंगळ १, ४, ७, ८, १२ यात असला तर मंगळदोष म्हणतात, पाचव्यात नाही. त्या बाई वहीवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. म्हणून मूळ कागद कधी टाकू नका, आणि आकड्याला घर समजू नका.

इतिहासाचं थोडक्यात. "वैदिक ज्योतिष" हा शब्द माझ्या गुरूंच्या तोंडी कधी नव्हता, ते नुसतं ज्योतिष किंवा फलज्योतिष म्हणायचे. लगधाचं वेदांग ज्योतिष आहे, पण ते यज्ञाचा काळ ठरवायला, त्यात तिथी, नक्षत्र, अयनं आहेत, बारा राशी आणि लग्नकुंडली नाही. त्या नंतर आल्या, ग्रीकांशी देवाणघेवाण होऊन. होरा, केंद्र, पणफर, आपोक्लिम हे शब्द ग्रीकच आहेत, आणि वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत यवनांना ह्या शास्त्राबद्दल मान दिलेला आहे, लपवलेलं नाही. उच्च-नीच राशी दोघांच्या एकच आहेत त्याचं कारण हेच. नक्षत्र आणि त्यावर उभी राहिलेली दशा ही आपली कमाई, राशींचा साचा दोघांचा सामाईक. मला यात कमीपणा वाटत नाही, उलट आपली माणसं शिकायला मोकळी होती याचा अभिमान वाटतो. आणि हेही सांगतो, ग्रह कुठं होता हे गणित आहे, ते कुणीही तपासू शकतं, फळ काय ही परंपरा आणि बघणाऱ्याची समज आहे. दोन्हीला एकाच खात्रीनं विकणाऱ्यापासून सावध राहा. आजारपण असलं तर आधी डॉक्टर, नंतर मी.

आता शेवटचं आणि सगळ्यात कामाचं, वेळ. लग्न दर दोनेक तासांनी बदलतं, अंश दर चार मिनिटांनी. आपल्या उदाहरणात ५:०५ ला लग्न कन्या २४ अंश. पंचवीसेक मिनिटं उशीर झाला असता तर लग्नच तूळ, मग गुरू चौथ्यात, शनी सहाव्यात, सगळी पत्रिका फिरली. आणि ५:०५ च्या ऐवजी कुणी सोयीसाठी ५:०० लिहिलं तर लग्न कन्याच राहतं, पण नवमांश कुंडलीतलं (राशीचे नऊ भाग पाडून काढतात ती) लग्न सिंहेचं कर्क होतं, आणि लग्नाचा जोडीदार आपण नवमांशावरून बघतो. जन्मगावाऐवजी मुंबई टाकली तरी लग्न तीनेक अंश सरकतं. सोलापूरचं रेखांश ७५ अंश ५४ कला, भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची, त्यामुळं आपली स्थानिक वेळ घड्याळाच्या साधारण २६ मिनिटं मागं, जुने लोक हे हातानं वजा करायचे, आता गाव बरोबर टाकलं की सॉफ्टवेअर करतं. आजी-आजोबांची पत्रिका करायची असली तर १९४२ ते १९४५ मध्ये युद्धामुळं घड्याळं एक तास पुढं होती तेही बघावं लागतं. चंद्राचं तसं नाही, तासाभराची चूक झाली तरी तो अर्धा अंशच सरकतो, पण राहूच्या दशेत तेवढ्यानं आठ-नऊ महिन्यांचा फरक पडतो. आणखी एक, आपला वार सूर्योदयाला बदलतो. ३१ ऑक्टोबरला कॅलेंडरात शुक्रवार, पण पहाटे पाचला सूर्य उगवलेला नव्हता म्हणून पत्रिकेत गुरुवार. पुष्कळ जण ह्याला चूक समजून खाडाखोड करतात.

तर ताई, ॲप ठेवायचं असलं तर ठेवा, पण ते त्याच्या पद्धतीनं वाचा, आणि पत्रिका पत्रिकेच्या पद्धतीनं. माझ्याकडं यायचं असलं तर पुढच्या वेळी सोलापूरला आलात की आईला तीन गोष्टी विचारून या. जन्म दवाखान्यात झाला की घरी, वेळ कुणी सांगितली, नर्सनं की आजीनं, आणि ती वेळ कोणत्या क्षणाची होती, बाळ रडल्याची की नंतर बाहेर येऊन घड्याळ बघितल्याची. मूळ पत्रिकेचा कागद सोबत आणा, झेरॉक्स नको. तुमच्या लग्नाचे अंश राशीच्या कडेला आहेत की मध्यावर हे त्या उत्तरांवर ठरेल, आणि ते कळल्याशिवाय मी बाकी काही बोलणार नाही.